राणीचे पाच मुद्दे

सुनेचा बारावीचा एकच विषय राहिला होता. राज्यशास्त्र. सहा मार्कांनी गेला होता. लग्नाची हळद आणि तो पेपर एकाच आठवड्यात आले म्हणून गेला, असं ती सांगायची. मग ती आमच्या घरी आली, वर्षाने तिला मुलगी झाली, आमची बारकी, आणि तो विषय पुस्तकासकट ट्रंकेत पडून राहिला. कोणाला त्याची आठवण नव्हती.

माझा मुलगा मुंबईला होता. गिरण्यांचा संप मोडला त्यानंतर मिळेल तिथे काम करायचा. त्याला कावीळ झाली आणि पौष महिन्यात तो तिकडेच गेला. घरधनी त्याच्या आधीच गेले होते. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाय. घरात राहिलो तिघी. मी, सून आणि दीड वर्षाची बारकी. सून तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. आमचं घर हातखंब्यापासून आत, चालत तासभर. भाताच्या जमिनीचे दोन कोपरे, काजूची सात झाडं आणि एक फणस, एवढ्यावर आमचं चाललेलं.

वैशाखात सुनेचा मोठा भाऊ आला. माणूस वाईट नव्हता. येताना बारकीला झबलं आणलंन, माझ्या पाया पडला. चहा घेतलान, बशी खाली ठेवलीन आणि मग बोलला.

"मावशी, तिचं वय काय हाय? तिला अजून आयुष्य काढायचंय."

"काढेल की. मी काढतेच आहे."

"तुमची गोष्ट वेगळी. राजापूरकडे एक माणूस बघून ठेवलाय. बायको वारली त्याची. घर आहे, बैल आहेत. पाट लावू, घरच्या घरी."

आमच्यात विधवा बाईचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट लावणं म्हणतात. त्यात लाजायचं काय नाय. पण पाटाने गेलेली बाई मूल बरोबर नेत नाय. मूल बापाच्या घरचं. हे कोणी ठरवलं ठाऊक नाय, पण आमच्याकडे सगळे तसंच करत. म्हणजे बारकी माझ्यापाशी राहणार आणि तिची आई राजापूरला दुसऱ्याच्या चुलीपाशी. आणि उद्या मी मेले तर त्या पोरीला कोण? हे माझ्या मनात आलं. ते पुढे मार्गशीर्षापर्यंत तिथून हललं नाय.

सून आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, माझा एक विषय राहिलाय."

"कसला विषय?"

"बारावीचा. ऑक्टोबरला परत परीक्षा असते. तो सुटला तर डी.एड.ला अर्ज करता येईल. शाळेतल्या गुरुजींना विचारलंय मी."

"कधी विचारलंस?"

"पाण्याला गेले होते तेव्हा."

"पुस्तक काय म्हणतं तुझं?"

"ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड. कोणाचा राज्यकारभार कसा चालतो आणि त्यांच्यात फरक काय."

भाऊ हसला. "इथे लावणीला माणूस मिळत नाय आणि ही विलायतेचं राज्य चालवणार."

तरी त्याने विचार केलान. थोड्या वेळाने म्हणाला, "देवीला विचारा. उजवा कौल आला तर मी निकाल येईपर्यंत थांबतो. नापास झाली तर एक शब्द न बोलता माझ्याबरोबर यायचं. आणि आजच डावा आला तर आजच निघायचं."

सून म्हणाली, "चालेल." मला कोणी विचारलं नाय.

कौल म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगायला लागेल. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवीच्या कानावर घालतो. मग फुलाच्या ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर कुठे खणायची, सगळं असंच विचारायचे. भावाला देवळात येता येत नव्हतं. त्याच्या बायकोला चार दिवसांपूर्वी मुलगा झाला होता, त्यामुळे घरात सोयर. सोयर असलेला माणूस देवळाची पायरी चढत नाय. तो ओटीवर बसून राहिला, सून बारकीला घेऊन घरात, आणि मी एकटी देवळात गेले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलान. पाकळ्या लावल्यान. मी खाली बसले आणि बघत राहिले. एवढं मी माझ्या लग्नातल्या अंतरपाटाकडेसुद्धा बघितलं नसेल. पाकळी पडेना. उजवीही नाय, डावीही नाय. गुरवाने परत विनवलंन. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर होतं ते सरकून खांबाला लागलं. शेवटी तो म्हणाला, "वयनी, आज देवी बोलत नाय. सोमवारी या."

"भावोजी, पावणा ओटीवर बसलाय."

"त्याला मी काय करू? देवी काय माझ्या हुकमात हाय?"

मी उठले. घरी येईपर्यंत ठरवत होते की खरं ते सांगायचं, सोमवारपर्यंत थांब म्हणायचं. बांधावरून चढले तर भाऊ पिशवी खांद्याला लावून उभाच. सुनेची ट्रंक दारात काढून ठेवलेली. ती त्याने काढलीन की तिने, मी विचारलं नाय.

"काय म्हणाली देवी?"

"उजवा," मी म्हटलं.

एकच शब्द. त्याने देवळाच्या दिशेने हात जोडलेन, बहिणीला म्हणाला, "शीक मग," आणि एस.टी. गाठायला गेला.

आयुष्यात मी खोटं बोलले नाय असं नाय. सासूला बोलले, नवऱ्याला बोलले. पण देवीच्या नावावर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मी जेवले नाय. सून म्हणाली, "आई, आनंदाने जेवण जात नाय काय?" मी म्हटलं, "तसंच."

ती अभ्यासाला लागली. शिकवायला कोण नव्हतं. गावातले गुरुजी चौथीपर्यंतचे, ते म्हणाले, "बाय, मला आपल्या ग्रामपंचायतीचं विचार, तेही अर्धंच सांगेन." गाईड नाय, क्लास नाय. जुनं पुस्तक आणि मी. मी तिसरी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचता येतं, पण अर्थ येईपर्यंत पहिला शब्द विसरायला होतो. तेव्हा सुनेने युक्ती काढलीन. ती उत्तर पाठ म्हणणार आणि मी मुद्दे मोजणार. प्रत्येक उत्तराचे मुद्दे किती ते ती आधी सांगायची. तेवढ्या काजूच्या बिया मी पदरात घ्यायची आणि एक मुद्दा झाला की एक बी सुपात टाकायची. पदरात बी उरली तर मी म्हणायची, "एक राहिला गो." मग ती डोळे मिटून शोधायची.

ब्रिटनच्या राणीचे पाच मुद्दे होते. अमेरिकेच्या अध्यक्षाचे आठ. स्वित्झर्लंडचे सहा, त्यातला चौथा तिला कधीच आठवायचा नाय. मलाही आता आठवत नाय, पण पदरात बी उरलेली तेवढी आठवते.

लावणीत बिया कुठल्या. तिथे रोपांच्या जुड्या. एक मुद्दा, एक जुडी. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने इरल्याच्या आत बांधलेलं, पाठीवर पाऊस आणि मानेपाशी अमेरिका. शेजारच्या कोपऱ्यातल्या बाया ऐकायच्या. एक म्हणाली, "काय गो, अमेरिकेत चिखलणी कोण करतो? तो अध्यक्ष काय?"

सून वाकलेलीच म्हणाली, "त्याला काँग्रेस अडवते."

"चिखलणीला?"

"सगळ्याला."

बाया हसल्या. मीही हसले असेन. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. मी सून नापास होण्याला घाबरत होते आणि दुसऱ्या गोष्टीला त्याहून जास्त. ती नापास झाली तर लोक विचारणार, देवीने उजवा दिला होता ना, मग असं कसं? मग कोणीतरी गुरवाला गाठणार. तो सांगणार, कौल झालाच नव्हता. मग सून जाणार ती जाणारच, आणि गावात मी देवीला खोटं पाडणारी म्हणून राहणार. माझ्या घरचं पाणी कोण पिणार? बारकीशी कोण बोलणार?

सोमवारी मी देवळात गेले नाय. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाय. परत कौल लावला आणि डावा आला तर? मी देवळाकडची वाटच सोडली. दुकानात जायचं तर आंब्याच्या राईला वळसा घालून जायची. सून म्हणाली, "आई, हल्ली लांबून का येता?"

"देवळाकडे चिखल आहे."

"चिखल कुठे नाय?"

श्रावणात बारकीला ताप आला. चार दिवस उतरेना. हातखंब्याच्या डॉक्टराने औषध दिलंन तरी उतरेना. मला वाटलं, आली. देवी वसुलीला आली. मी चुलीमागे जाऊन नाक घासलं, म्हटलं जे करायचं ते माझं कर, माझे हात घे, पाय घे, पोरीला सोड. पाचव्या दिवशी ताप उतरला. हे लिहून घेतेय ती तीच बारकी. आता तिला चष्मा आहे. ती म्हणते, आजी, तो साधा ताप होता. असेल.

त्या तापाच्याच दिवसांत एका दुपारी सून बारकीला मांडीवर थोपटत राणीचं उत्तर म्हणत होती. मी बिया घेऊन समोर. तिसरा मुद्दा आला. पार्लमेंट सुरू होतं तेव्हा राणी भाषण वाचते, पण ते भाषण तिचं नसतं, मंत्री लिहून देतात.

बी माझ्या हातातच राहिली.

"म्हणजे बोलायचं मंत्र्यांनी आणि नाव राणीचं?"

"हो."

"राणीला ठाऊक असतं?"

"असतं की."

"तिला पसंत नसलं तर?"

"तरी वाचावं लागतं."

"आणि लोकांना?"

"लोकांनाही ठाऊक असतं. सगळ्यांना ठाऊक असतं."

"मग त्याला खोटं कसं म्हणत नाय?"

सुनेने माझ्या तोंडाकडे बघितलंन. "आई, ह्याचा मुद्दा पुस्तकात नाय."

मग तीच म्हणाली, "मला हेच कळत नाय. राणी काही करत नाय, बोलत नाय, ठरवत नाय. मग ठेवतात कशाला? मागच्या वेळी हाच प्रश्न आला आणि मी चार ओळी लिहून सोडून दिला."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी म्हटलं, "आपली देवी बोलते काय? बोलतो गुरव. ठरवतात मानकरी. पण देवी नसली तर मानकऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडली असती. पालखी आधी कोणाच्या दारात, होळीला पहिला हात कोणाचा, ह्यावरून भांडतातच ना? मग कोणीतरी म्हणतो, देवीसमोर बसा. आणि बसतात गप्प. कोणा माणसाचं ऐकलं असतं त्यांनी? गप्प राहायला पण कोणीतरी मोठं लागतं."

 सुनेने पेन्सिल घेतलीन आणि पुस्तकाच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंन. मी सुपात बी टाकली. बोललं ते खरं होतं, पण बोलून मी आणखी घाबरले. देवीच्या नावाने कोण काय करतं ते मीच स्वतःच्या तोंडाने सांगून बसले होते.

गणपतीला भाऊ आला. आता सोयर फिटलेलं. जेवायच्या आधी म्हणाला, "देवीला नमस्कार करून येतो." मी मोदकांचं पातेलं उतरवत होते. वाफ हातावर आली, चटका बसला, कळलाच नाय. मागच्या परसात गेले की फणसाखालून देऊळ दिसतं. तिथून बघितलं. भाऊ पायरीवर उभा आणि गुरव खांबाला टेकून. दोघं बोलत होते. गुरवाने एकदा हात हलवलान. लांबून काय कळतंय, हो म्हणून हलवलान की नाय म्हणून. बोलणं संपेना. मी तिथे उभ्याउभ्याच ठरवलं की परत आला की त्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, माझं काय ते कर, बारकीला आईबरोबर जाऊ दे.

तो आला. पाय धुतलेन, पाटावर बसला. मी वाढलं. त्याने पाच मोदक खाल्लेन.

"मावशी, हाताला काय झालं?"

"भाजलं."

"तूप लावा," म्हणाला. आणखी काही बोलला नाय. संध्याकाळच्या गाडीने गेला. पायावर डोकं ठेवायचं मी ठरवलेलं ते राहिलंच. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलला नाय म्हणून पुढचे तीन महिने मला प्रत्येक माणूस गप्प वाटायला लागला.

परीक्षेचं केंद्र रत्नागिरीत होतं. पहाटेची एस.टी. धरून आम्ही तिघी गेलो. अकरा ते दोन पेपर. शाळेच्या फाटकाशी शिपाई होता. "मुलीचा पेपर काय?" त्याने विचारलंन.

"सुनेचा."

"सून परीक्षेला आणि सासू पहाऱ्याला. आजवर उलटंच बघितलं होतं मी," म्हणाला, आणि बसायला आपलं स्टूल दिलंन.

ऑक्टोबरचं ऊन. बारकी फाटकाच्या गजांतून आत-बाहेर करत होती. मी येताना पदरात पाच बिया बांधून आणल्या होत्या, का ते मला सांगता येणार नाय. तीन तास त्या मुठीत धरून बसले. घंटा झाली. पोरं धावत बाहेर आली, मग चालत आली, मग एकेक आली. सून सगळ्यात शेवटी. तिचा चेहरा पांढरा.

"कसा गेला?"

"स्वित्झर्लंडचा चौथा आठवला नाय." मग म्हणाली, "राणीचा आला होता. का ठेवतात ते."

"मग?"

"तुम्ही सांगितलंत ते लिहिलं."

 मी फाटकाला धरलं. "देवीचं लिहिलंस? सरकारी पेपरात?"

"गावाचं नाव नाय लिहिलं, आई. एखाद्या गावात असं असतं, असं लिहिलं. आधी पुस्तकातले पाच लिहिले. मग हे."

येताना गाडीत मला दिसत होतं, कुठल्यातरी शहरात कोणी मास्तर तो पेपर वाचतोय आणि लाल पेनाने काट मारतोय. आमच्या देवीवर काट. माझ्या एका शब्दावरून एवढं लांब गेलं ते.

निकाल मार्गशीर्षात लागला. सून एकटी गेली, मी भात झोडत होते. माझ्याने बरोबर जाववलं नसतं. दुपारी ती तीन वाटांच्या तिठ्यावर दिसली तेव्हापासून मी बघत होते. माणूस चालतो कसा त्यावरून कळतं म्हणतात, पण ही चालली रोजच्यासारखीच, खाली बघून, दगड चुकवत. खळ्यापाशी आली आणि म्हणाली, "एक्केचाळीस."

"कितीत पास?"

"पस्तीस."

मी हातातली पेंढी झोडून संपवली. मग खाली बसले. सून पण माझ्या शेजारी त्या पेंढ्यात बसली. बारकी आली आणि दोघींच्या मध्ये घुसली. कोणी रडलं नाय. सून एवढंच म्हणाली, "दादाला कार्ड टाकते." मला तेव्हा कळलं की ती आता डी.एड.ला जाणार, रत्नागिरीत राहणार, शनिवारी येणार, आणि पुढे नोकरी कुठे लागेल तिथे बारकीला घेऊन जाणार. मी सगळं वर्ष ती जाईल म्हणून घाबरले आणि ती जाणारच होती. पण बारकीला घेऊन जाणार होती. तेवढंच मला मागायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन देवळाच्या वाटेने गेले. त्या वाटेवर पाय टाकायला मला सात महिने लागले होते. गुरव आवार झाडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. उजवा म्हणून सांगितलं, तुम्हाला न विचारता देवीचं नाव घेतलं, जो काय दंड असेल तो सांगा.

त्याने केरसुणी खांबाला टेकवलीन. "वयनी, तुमचा पावणा गणपतीला आला होता. विचारलंन मला."

"मी बघितलं. फणसाखालून."

"मी म्हटलं, वयनीनी सांगितलंय ना? मग मला परत कशाला विचारतोस."

"तुम्ही असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? देवळात काय झालं ते पावण्याला सांगायची आपल्यात रीत हाय?" त्याने नारळ माझ्या हातातून घेतलान, शेंडी काढलीन. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आणि पाकळी पडली होती त्या दिवशी. तुम्ही बांधापर्यंत गेला असाल."

मी विचारलं नाय कुठली. त्यानेही सांगितलं नाय. त्याने नारळ फोडलान, अर्धा देवीसमोर ठेवलान, अर्धा मला दिलान. घरी आणून मी तो बारकीच्या हातात दिला. ती उंबऱ्यावर बसून दातांनी खोबरं काढत होती, आणि सून आत ट्रंकेतले कपडे उन्हात टाकायला काढत होती.